तरुण आधी, म्हाताऱ्या नंतर

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट जिन्यात अडकवलं, ते पुढे जाईना की मागे येईना. खालच्या मजल्यावरचे आजोबा, म्हणजे आमचे घरमालक, बाहेर आले, नीट बघितलं आणि म्हणाले की आता राहू दे ते तिथेच, जाता येता आम्ही त्यात चपला ठेवू. मला इतकं हसू आलं की टेम्पोवालाही हसायला लागला, आणि त्या हसण्याच्या धक्क्याने की काय, कपाट सुटलं.

दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट शाळेच्या मैदानावर उघडते, आणि मैदानाच्या पलीकडच्या भिंतीला लागून माझी लॅब. म्हणजे घर, शाळा, नोकरी सगळं हाकेच्या अंतरावर. शाळा खारूची. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. कागदावर नाव वेगळं आहे, पण एका जागी बसत नाही आणि गालात कायम काहीतरी कोंबलेलं असतं, म्हणून खारूताई, आणि आता नुसतीच खारू. आल्या आल्या तिने रिकाम्या खोक्यात घर थाटलं. खालचा एक दात हलतोय, दिवसभर जिभेने त्याला ढकलणं चालू आहे.

तिचा बाबा साइटवर. एवढं काम आटपल्याशिवाय सुटका नाही. फोनवर विचारत होता की तुझी नोकरी नक्की कशाची आहे ते मला एकदा नीट सांग, लोक विचारतात. म्हटलं, बुरशीची. तर म्हणे त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस, आपल्या फ्रिजात होती की.

बुधवार, ५ मार्च

लॅब आवडली. लांबलचक खोली, भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर काचेच्या नळ्या आडव्या झोपवलेल्या. प्रत्येक नळी माझ्या हाताएवढी लांब. तळाला जेलीसारखा खाऊचा थर. एका टोकाला बुरशीचा कण ठेवायचा की ती खात खात दुसऱ्या टोकाकडे निघते. रोज सकाळी जायचं, बाई कुठवर आल्यात ते बघायचं आणि तिथे काचेवर मार्करने रेघ मारायची. नळी संपली की पुढच्या कडेचा तुकडा उचलून नव्या नळीत. बाकीच्या बुरश्या अशा कितीही नळ्या चालतात. आमची ही शेणावर उगवणारी चिमुकली बुरशी मात्र म्हातारी होते. एक दिवस रेघा जवळजवळ यायला लागतात. कड वेडीवाकडी होते, रंग काळवंडतो, धाग्यांची टोकं फुगून फुटतात. मग आजची रेघ कालच्याच रेघेवर पडते. संपली.

असं का होतं ते मॅडमनी समजावलं. त्या लॅबच्या प्रमुख, बोलतात भराभर, चालतात त्याहून भराभर. पेशीत मायटोकाँड्रिया असतात, पेशीला शक्ती पुरवणारे. त्यांचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो, आणि तो पोरांना फक्त आईकडून मिळतो, बापाकडून नाही. आमच्या बुरशीत त्या डीएनएतला एक तुकडा सुटतो, दोन टोकं जुळवून कडं करतो आणि स्वतःच्या प्रती काढत सुटतो. काम शून्य, नुसत्या प्रती. शेवटी कामाच्या डीएनएला जागाच राहत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो त्याला सगळे दाढी म्हणतात. तो म्हणाला की प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच, आपल्याकडे कोण ते नाव घेणार नाही. आणि मॅडमच्या केबिनकडे बघितलं.

मंगळवार, ११ मार्च

दात पडला! खारूने तो शाळेत सगळ्यांना दाखवला, मग हरवला, मग रडली, मग तो खिशातच सापडला.

लॅबमध्ये एकच नियम खरा, बाकी सगळे भिंतीवर लावायला. तरुण आधी, म्हाताऱ्या नंतर. सकाळी आधी तरुण नळ्यांचं काम, मग म्हाताऱ्यांचं, मग ग्लोव्हज फेकून हात घासून घरी. म्हातारीला हात लावला की त्या दिवशी परत तरुणीकडे जायचं नाही. कारण या बुरशीचे दोन धागे भेटले की जुळतात. मधली भिंत विरघळते, आतलं पाणी एक होतं, आणि ते कडं म्हातारीतून तरुणीत शिरतं. मी म्हटलं, मग तरुणीच्या जोरावर म्हातारी तरुण का होत नाही? दाढी म्हणाला, तुला लग्नाला एवढी वर्षं झाली आणि अजून हा प्रश्न पडतो? मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, उलटं कधीच झालेलं नाही. म्हातारीच तरुणीला घेऊन जाते.

आणखी गमती कळल्या. खाऊ भरपूर दिला की ही जोरात वाढते आणि लवकर संपते. अर्धपोटी ठेवली तर टिकते. थंडीत ठेवली तर अजून टिकते. दाढी म्हणाला की तो सकाळी उशिरा उठतो ते याच अभ्यासामुळे.

शेवटच्या फळीवर मॅडमचं खास वाण आहे. त्यातलं कडं दुसऱ्या जातीच्या बुरशीतही चढलं, असं कुठेच कुणी बघितलेलं नाही म्हणे. पोरगी पहिली आल्यासारख्या सांगत होत्या. मी विचारलं, माणसात चढतं का? दाढी म्हणाला, माणूस काय बुरशी आहे? मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, तसं काही सांगता येत नाही.

बुधवार, १९ मार्च

आजचा दिवस म्हणजे नुसती धावपळ. शेवटच्या फळीवरची एक म्हातारी नळी उचलताना हातात तडकली. ग्लोव्हज फाटून काच बोटात घुसली, काळपट जेली सगळ्या बोटभर. टिश्यू गुंडाळतेय तेवढ्यात शाळेतून फोन, खारू घसरगुंडीवरून पडली. तशीच पळाले. अॅप्रन काढायचंही सुचलं नाही.

पोरगी ठीक होती. दोन्ही तळवे सोलवटलेले, खडी रुतलेली, आणि रडणं असं की बाकीची मुलं खेळ थांबवून बघत उभी. मी तिचा हात हातात घेतला, फुंकर घातली, खडे काढले. टिश्यू कधी गळून पडला कळलंच नाही. घरी येऊन धुतलं तेव्हा लक्षात आलं की तिच्या तळव्यावर होतं त्यातलं निम्मं रक्त माझं होतं.

दूध-पाव खाऊन झोपली. मॅडमनी फोन करून विचारलं, बोट धुतलंस ना लगेच? हो म्हटलं. घरी आल्या आल्या धुतलं, म्हणजे लगेचच झालं की.

सोमवार, २४ मार्च

बोट बरं झालं, पण कातडी विचित्र आलीय. चुरगळलेल्या टिश्यूसारखी. दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, केमिकलचं काम आहे ना तुमचं, मग असं होतंच, आणि मलम दिलं.

खारूचे अजून दोन दात एकदम हलतायत. शाळेतल्या बाई म्हणाल्या की या वयात होतं. जिना चढताना मात्र मध्येच थांबली. गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तू हो पुढे, मी येते हळूहळू. मी हसले. कुठून शिकली कोण जाणे.

गुरुवार, २७ मार्च

तिचा उजवा तळवा.

आज अंघोळ घालताना बघितला. जखम भरलीय. पण कातडी पातळ, सैल, चिमटीत धरली की तशीच उभी राहते. सुरकुत्या मनगटाच्या थोड्या खालपर्यंत, आणि तिथे एक कड आहे. वेडीवाकडी. कडेच्या या बाजूला माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा गुबगुबीत हात, त्या बाजूला...

मी रोज सकाळी ज्या कडा बघते, तशीच कड.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. मी नियम अगदी बरोबर पाळला होता. त्या म्हाताऱ्या नळीनंतर एकाही तरुण नळीला हात लावला नाही. पोरीला लावला.

शुक्रवार, २८ मार्च

मार्करने तिच्या मनगटावर रेघ मारली. म्हटलं, खेळ आहे. तिला आवडलं. म्हणाली, दुसऱ्या हातावर पण काढ, फूल काढ.

शनिवार, २९ मार्च

कड रेघेच्या पुढे गेलीय. नवी रेघ मारली. दोन्हींमधलं अंतर माझ्या करंगळीच्या नखापेक्षा जास्त.

माझ्या बोटावरची कड मात्र जेमतेम सरकते. का ते मला माहितीय. मी वाढून झालेली आहे. ती वाढतेय. जी जोरात वाढते ती आधी संपते.

रविवार, ३० मार्च

तिच्या बाबाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, फोन खारूने घेतला. मग मी बोलले. तो म्हणाला, घरी कोण आलंय? मघाशी फोन उचलला त्या म्हाताऱ्या बाई कोण?

मी म्हटलं शेजारच्या काकू. तो म्हणाला, काकूंना सांग की मला राजा म्हणायची गरज नाही, आमची ओळख नाही अजून. हसत होता. मीही हसले.

मंगळवार, १ एप्रिल

मॅडमना दाखवलं. त्यांनी खारूच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला, माझ्या बोटावरून दुसरा. दुपारी बोलावलं. दार लावून घेतलं. कडं आहे, दोघींत, आमच्या फळीवरचंच. मग म्हणाल्या की असं होऊ शकत नाही. मी म्हटलं, मॅडम, झालंय, पुढचं सांगा. तर म्हणाल्या, पुढचं मला माहीत असतं तर या नळ्या अजून का मरतात?

मोठ्या दवाखान्यात त्या स्वतः घेऊन गेल्या. तिथे खारूला वय विचारलं. सहा म्हटल्यावर डॉक्टरांनी कागद परत बघितला. रक्त घेतलं, फोटो घेतले, वरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी त्यांच्या वरच्यांना. सगळे दारात उभे राहून बघत होते. जवळ कुणी येईना. खारू म्हणाली, बसा की, उभे का. मग त्यांनी घरी जा म्हणून सांगितलं. कळवतो म्हणाले.

घरी येताना लॅबच्या फाटकाशी दाढी भेटला. म्हणाला, थंडीतल्या टिकतात. आणि मान फिरवली.

बुधवार, २ एप्रिल

तिला एकटीला आतल्या खोलीत ठेवलंय. एसी शेवटच्या आकड्यावर. मी दाराबाहेर. मॅडम म्हणाल्या, तिला शिवू नकोस, दोघींतलं एकमेकींत गेलं तर वेग किती वाढेल सांगता येत नाही. रेघ मारायची तेव्हा तेवढं आत जाते, मार्करचं टोक लावते, बाहेर येते.

दूध अर्धा कप.

गुरुवार, ३ एप्रिल

रेघ कोपराखाली. जवळ पडलीय! काल आणि आजच्या मध्ये नखभरही नाही. थंडीने. उपाशी ठेवल्याने. जमतंय, जमतंय...

ती दारामागून म्हणते भूक लागलीय. म्हणते गार लागतंय गं. मी कानावर उशी दाबून बसलेय. आई आहे मी तिची.

शुक्रवार, ४ एप्रिल

रेघ जवळ. पण केस पांढरे. पुढची बट पूर्ण. सकाळी काळी होती.

आणि रेघा जवळ येतात ते कधी येतात हे मी विसरले होते. जगणाऱ्या नळीत नाही येत.

शनिवार, ५ एप्रिल

दवाखान्याला फोन केला. म्हणाले, साहेब मीटिंगमध्ये. परत केला. म्हणाले, कुठलं प्रकरण? मी म्हटलं, सहा वर्षांची म्हातारी. त्यांनी फोन ठेवला.

मॅडम खाली रस्त्यावर उभ्या होत्या. खिडकीतून दिसल्या. वर आल्या नाहीत. हाताने विचारलं, काय? मी मान हलवली. त्यांनी तोंडावर हात धरला. त्यांच्याकडेही काही नाहीय. त्या इतकी वर्षं फक्त रेघा मारतायत.

रविवार, ६ एप्रिल

एसी बंद केला.

पोटभर जेवण. वरण-भात, अंडं, दूध, सगळं. दात नाहीत, कुस्करून दिलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाली बास, नको, तूच जेव, दमलीस. मी दारात बसून रडले तर म्हणाली, रडू नये बाळ.

बाळ.

तिच्या बाबाला सांगितलं की तापाची साथ आहे, येऊ नकोस. तो म्हणाला, पुन्हा त्याच बाई बोलत होत्या मागे. खारूला दे. मी म्हटलं झोपलीय. तो म्हणाला, मी निघतोय.

नको, म्हटलं. नको नको नको. त्याचा फोन आता लागत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

रेघ मारायला गेले. आजची कालच्यावर पडली.

मार्कर खाली पडला. तिने उचलायला हात पुढे केला, पोचला नाही. मला म्हणाली, आई, जरा धर ना. आज किती दिवसांनी आई म्हणाली. धर ना गं. तू धरतच नाहीस.

किती वाचवायचं. कशासाठी वाचवायचं मी तिला, माझ्यापासून...

मी धरलं.

मंगळवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा तिच्या हातात आहे.

सुटत नाही. सकाळी सोडवून बघितला. कळ आली ती माझ्या हातात नाही, तिच्या खांद्यात. तिच्या खांद्यात आली ते मला कसं...

भिंत विरघळते. आतलं पाणी एक होतं. मीच लिहिलंय मागे.

ती श्वास घेतेय. थांबला होता तो परत. माझ्यातून घेतेय. घे. घे बाई सगळा.

दुपार

बोटं मोजायला गेले. तिची कुठली, माझी

गुडघे दुखतायत. माझे कधीच दुखत नव्हते. घसरगुंडी आठवते, वरून मैदान केवढं दिसतं, आणि खाली पांढरा अॅप्रन घालून पळत येणारी आई. मी कुठे चढले होते घसरगुंडीवर...

मार्कर घेतला. रेघ कुठे मारायची. ती कुठे संपते आणि

जिन्यात पावलं.

तो आहे. खालच्या आजोबांशी बोलतोय, दार उघडत नाही म्हणतोय. ते म्हणतायत दुसरी किल्ली आहे माझ्याकडे, थांबा, देतो.

कडी लावायला उठता येत नाही. दोघींना मिळून नाही उठता येत.

ओरडायचंय. वर नको येऊस. हात नको लावूस. आवाज निघतो तो तिचा निघतो, तो म्हणतो, आलो राजा, आलो

किल्ली

ती हसली. दात नसलेलं तोंड उघडून, बाबा म्हणाली. हात पसरतेय. माझाही त्यातच, मी खाली ओढतेय, ओढला जात नाही, वर चाललाय, त्याच्याकडे, दार